वरच्या गावचा फोटो

५ ऑक्टोबर, रविवार

केतकीचा मेसेज: 'पोचले. पाऊस. भूक.' चौतीस वर्षांची घोडी झाली, आईला मराठीत तीन शब्द. पण मी त्यावर पोटभर जेवले.

काल वरच्या गावाला जाणार म्हणाली होती, तेव्हापासून फोन उशाशीच होता. ती ज्या मदतसंस्थेची विमानं उडवते, तिचा नियम कडक. देशाचं नाव फोनवर घ्यायचं नाही, गावाचं नाही, माणसाचं तर नाहीच. म्हणून आमच्या घरात आमचीच नावं पडली आहेत. 'तिकडे.' 'खालचं शहर.' 'वरचं गाव.' वरचं गाव म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची, विमान उतरवायची गवताची पट्टी, तीसुद्धा तिरकी. चढावर उतरायचं, उतारावरून उडायचं. एकदा उतरायला सुरुवात केली की बेत बदलता येत नाही, समोर डोंगरच. हे सगळं ती मला हसत सांगते. आणि खाली दरीत बंदुका घेतलेली माणसं, ते तर ती सांगतही नाही.

नोकरीत असताना प्रत्येक पार्टीत तोच जोक. भूल देणारा डॉक्टर नि पायलट सारखेच, टेकऑफ आणि लँडिंग नीट झालं की झालं. हसायचे मी. पण माझा एकही पेशंट डोंगरावर आपटणार नव्हता.

८ ऑक्टोबर, बुध.

'आम्ही तिघं' ग्रुपवर फोटो. के. तिच्या पांढऱ्या विमानाला टेकून उभी, टोपी उलटी. शेजारी निळ्या एप्रनमधली बाई, पोट धरून हसतेय. मागे डोंगर, दोन शेंड्यांचा. खाली के.ने लिहिलंय: 'ही सिस्टर. फक्त तुमच्यासाठी. बघा आणि डिलीट करा.'

मग फोन आला. सिस्टर म्हणजे तिकडची नर्स. बाळंतपणं करते, जखमा शिवते. लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिवल्या, हाच तिचा गुन्हा. दरीतली माणसं तिला शोधतायत. ती देश सोडून गेली असं सगळ्यांना वाटतं, आणि ती आहे वरच्या गावात. के. तिला औषधं नेऊन देते. "आई, तू आणि ती सेम आहात. मी जेवला का हे आधी विचारते." जेवला नव्हे गं, जेवली. पण बोलले नाही. मैत्रीण मिळाली पोरीला, बरं वाटलं.

मी लगेच डिलीट केला. ह्यांना विचारलं, केलात का? "हो हो," म्हणाले, चष्मा शोधत.

१४ ऑक्टोबर, मंगळ.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंजलीचा फोन. लंडनमध्ये ईलिंगला दिवाळीचा कार्यक्रम, त्यात 'आपल्या मुली, आपला अभिमान'. केतकीबद्दल दोन शब्द आणि दोन-चार फोटो हवेत. मी म्हटलं नको गं, तिच्या संस्थेला चालत नाही. "अहो मावशी, आपल्या आपल्यातच आहे!" मी पुन्हा नको म्हटलं. अंजलीला नको हा शब्द ऐकू येत नाही. डॉक्टर असती तर पेशंट मेला असता.

ह्यांचा चेहरा उतरला. सगळ्यांची पोरं बँकेत नि सॉफ्टवेअरमध्ये, आपली एकटी असली, आणि तिचं कौतुक कुठे करायचं नाही! कौतुक घरात करा म्हटलं. घरात ऐकायला आहे कोण, म्हणाले.

१९ ऑक्टो.

चकल्या बिघडल्या. मऊ पडल्या. भाजणी ह्यांनी आणली होती ईलिंगहून, जुनी असणार. के.चा 'पोचले' दुपारी. दिवस गोड.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मंडळाचा कार्यक्रम झाला.

हॉल भरलेला, फराळ, पोरींचे नाच, सगळं रीतसर. मग अंजली माईकवर. "आता भेटूया आपल्या रीडिंग शहरातल्या केतकी प्रधानला!" लहानपणीचा नऊवारीतला फोटो आला, लोक हसले. ग्रॅज्युएशनचा आला. आणि मग तो. भिंतभर. के., विमान, सिस्टर, मागे तो दोन शेंड्यांचा डोंगर. टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यांचे मोबाईल वर.

मी ह्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आणून टाळ्या वाजवत होते.

"अहो, हा कुठून आला?"

"अगं मंडळापुरताच आहे. मी अंजलीला बजावून सांगितलंय."

मी उठून प्रोजेक्टरकडे जाईपर्यंत फोटो बदललासुद्धा. अंजली म्हणाली मावशी बसा ना, तुमचाच सत्कार आहे. शाल घातली अंगावर. मी ती घालून घेतली. काय करणार होते? शंभर माणसांसमोर ओरडू?

खरं लिहायचं तर टाळ्या वाजल्या तेव्हा क्षणभर माझीही मान ताठ झाली. मग सिस्टरचा चेहरा आठवला.



२६ ऑक्टोबर, रवि.

व्हायचं तेच झालं. अंजलीने सकाळी मंडळाच्या फेसबुकवर टाकला. जगाला दिसेल असा. 'युद्धभूमीवरून उडणारी आपली मराठी वाघीण.' मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. जेवणाच्या आत काढला तिने. रडत होती. काकांनीच दिला हो, म्हणाली. खरंच आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

के.ला सांगायला हवं. हे म्हणतात काढलाय ना, उगाच कशाला पोरीच्या डोक्याला ताप. मी म्हटलं ताप आपण दिलाय. फोन लावला, लागला नाही. मेसेज टाकला: 'तो फोटो बाहेर गेला, फोन कर.'

२७ ऑक्टो.

उत्तर नाही. मेसेज पोचल्याची खूणसुद्धा नाही. वरच्या भागात नेटवर्क नसतं. मनाला सांगतेय.

२९ ऑक्टोबर, बुध.

क्रॉयडनहून फोन, के.च्या संस्थेचं ऑफिस. हेलन, ड्यूटीवरची. मऊ आवाजात विचारलं, डॉक्टर प्रधान, हा फोटो तुमच्याकडे होता का? हो म्हटलं. मंडळाच्या पानावरून कुणीतरी उचलला, तिकडच्या लोकांच्या लंडनमधल्या ग्रुपवर गेला, तिथून दरीतल्या माणसांच्या पानावर. सिस्टरच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढलाय. खाली फक्त गावाचं नाव. डोंगरावरून ओळखलं.

हे शेजारी उभे होते. स्पीकरवर ऐकलं सगळं. मग जिन्यात जाऊन बसले.

मी त्यांच्याकडे गेले नाही. जावंसंच वाटलं नाही.

३० ऑक्टो., गुरु.

के.चा फोन.  "बाबा आहे का तिथे?"

आहेत, म्हटलं.

"बाबा, तिचा चेहरा आहे त्यात. माझा दाखवायचा होता ना, माझा क्रॉप करून दाखवायचा. माझा विमान दाखवायचा. तिचा का?"

हे "सॉरी बेटा, सॉरी" एवढंच म्हणत राहिले.  रडायला लागले. ह्यांच्या आईच्या वेळीही नव्हते रडले असे.

के. म्हणाली, "ओके. रडू नको. मी बघते काय करायचा." आणि ठेवला. बघते म्हणजे काय बघते?

३१ ऑक्टोबर, शुक्र.

दोघं क्रॉयडनला गेलो. ट्रेनमध्ये समोरासमोर. पॅडिंग्टनला ह्यांनी विचारलं चहा घेतेस का, मी नको म्हणून मान हलवली.

हेलन पन्नाशीची, स्वेटरच्या बाहीला भोक, चेहरा चार दिवस न झोपल्यासारखा. मी भांडायच्या तयारीने गेले होते. माझ्या मुलीला परत बोलवा, हेच सांगायचं होतं.

तिने नकाशा नाही दाखवला, नुसतं सांगितलं. रस्ता दोन ठिकाणी तोडलाय. दरीतून माणसं वर निघालीत, पण पाऊस आहे, पूल वाहून गेलाय, म्हणून अजून पोचली नाहीत. सिस्टरला गावकऱ्यांनी पट्टीच्या वर एका गोठ्यात ठेवलंय. तिला काढायचं तर विमानानेच.

"मग पाठवा कुणालातरी," मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि तेव्हाच कळलं मी काय बोलले.

संस्थेत अशी पद्धत आहे की असल्या प्रत्येक पट्टीवर आधी जुन्या पायलटबरोबर उतरून दाखवायचं, मग तो सही करतो, मगच एकट्याने जायचं. वरच्या गावासाठी सही झालेले दोघंच. एक मलेरियाने आडवा. दुसरी आमची.

"आम्ही हुकूम देत नाही," हेलन म्हणाली. "विचारतो. ती नाही म्हणू शकते. कुणी तिला नावं ठेवणार नाही."

"आणि मग त्या नर्सचं काय?"

 हेलन कपात चहा ओतत राहिली. कप भरून बशीत सांडला तिच्या हातून.

"केतकी काय म्हणाली?" हे विचारलं ह्यांनी.

"ढग उठले की जाईन म्हणाली."

घरी आलो तर दारात हॅलोवीनची पोरं, एक हाडाचा सापळा, एक भूत. हे मुठी भरभरून चॉकलेट देत होते. सगळी बरणी संपवली.

२ नोव्हें., रवि.

भांडलो. व्हायला हवंच होतं. मी म्हटलं हौसेला मोल नसतं म्हणतात, तुमच्या हौसेचं मोल दुसऱ्याच बाईने भरायचं आणि आता माझ्या पोरीने. ते म्हणाले ती माझी पोर नाही? मी म्हटलं मग डिलीट का नाही केलात? तर म्हणे, "करायला गेलो होतो. पण किती वर्षांनी अशी मोकळी हसताना दिसली ती. नाही झालं माझ्याच्याने."

 राग यायचा थांबला नाही. पण भांडता येईना.

जेवले नाहीत. मीही वाढलं नाही फार आग्रह करून.

३ नोव्हेंबर, सोम.

के.: 'ढग खाली. पाऊस. आज नाही.'

देवा, असाच पाऊस राहू दे. लिहिलं आणि लाज वाटली. पाऊस आहे तोवर ती माणसं अडकलीत, तोवर सिस्टर आहे. पाऊस थांबला की ती माणसं वर येणार आणि माझी मुलगीही. म्हणजे पाऊस थांबला की दोघंही धावणार, आणि कोण आधी पोचतं ते बघायचं. कुणासाठी काय मागू?

अंजली डबा घेऊन आली होती. पुरणपोळ्या. दारातूनच देऊन गेली, डोळे वर केले नाहीत. बिचारी. मला तिच्यावर नीट रागावतासुद्धा येत नाही आता.

४ नोव्हेंबर, मंगळ.

हे सगळं आजच लिहून ठेवते.

दुपारी हे किचनमध्ये आले. दाढी वाढलेली. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तिला सांग मला अटॅक आलाय."

मला आधी वाटलं खरंच दुखतंय छातीत. मनगटच धरलं त्यांचं. नाडी नीट.

"अगं तसं नाही. सांग फक्त. तुझ्यावर विश्वास ठेवेल ती, तू डॉक्टर आहेस. आयसीयूत आहेत म्हण. आजच्या आज निघेल. तिची संस्थाही सोडेल, अशा वेळी कोण अडवणार? कुणी तिला भित्री म्हणणार नाही. नंतर चिडली तर माझ्यावर चिडू दे. जन्मभर बोलली नाही तरी चालेल मला."

मी म्हटलं वेड लागलंय तुम्हाला.

"हो, लागलंय," म्हणाले. "तुला नाही लागलं?"

लागलंय तर काय. मी गॅस बंद केला आणि बसले समोर. आणि आम्ही खरंच ठरवलं. कुठलं हॉस्पिटल म्हणायचं, छातीत दुखायला केव्हा लागलं, तिने त्यांच्याशी बोलायचं म्हटलं तर काय सांगायचं. मी तर औषधांची नावंसुद्धा ठरवली. इतकी वर्षं नातेवाइकांच्या तोंडावर खरं सांगितलं, वाईटात वाईट, एकदाही पळवाट काढली नाही. आणि आता पोटच्या पोरीसाठी खोटा अटॅक, तोही एकदम टेक्स्टबुक.

सिस्टरचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही. नाव ठाऊकच नाही आम्हाला.

अंधार पडता पडता के.चा फोन आला. घरात फोनवर आवाज तुटतो म्हणून मी बागेत गेले, शेडपाशी. हे काचेमागून बघत होते.

"आई, इट्स लिफ्टिंग. सकाळी उघडणार. पहिल्या उजेडात जाईन." आवाज इतका शांत. ऑपरेशनच्या आधी माझा असायचा तसा.

तेवढ्यात शेजारच्या गल्लीत फटाके सुरू झाले. उद्याची बॉनफायर नाइट, इथली फटाक्यांची रात्र, पोरांना आजच घाई.

"तिकडे काय, गोळीबार?"

"पोरं फटाके उडवतायत."

हसली. मीसुद्धा हसले. मग ती म्हणाली, "बाबा कसा आहे? त्या दिवशी खूप रडला. मला झोप नाही लागत त्याच्यामुळे. तो ओके आहे ना?"

वाट करून दिली होती पोरीने. नुसतं बोलायचं होतं. 'अगं, त्याचंच सांगायचं होतं.' जिभेवर होतं. मी काचेकडे बघितलं, हे दोन्ही हात जोडून उभे होते.

आणि मला ती बाई दिसायला लागली. निळ्या एप्रनमधली, गोठ्यात बसलेली, विमानाच्या आवाजाकडे कान लावून. माझ्या लेकीला आधी जेवलीस का विचारणारी.

"बरे आहेत बाबा," मी म्हटलं. "जेवत नाहीत नीट. बाकी काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने मोठा श्वास सोडला. म्हणाली, "गुड. मग डोकं मोकळा झाला माझा." आणि मग लहानपणी विचारायची तसं, "आई, मी जाऊ ना?"

ती परवानगी मागत नव्हती, कळत होतं मला. तरी उत्तर मलाच द्यायचं होतं. पट्टी ओली दिसली तर? म्हटलं. वरून बघून परत येईन, म्हणाली. हट्ट नाही करायचा. नाही करणार. खाऊन निघ. हो आई.

"जाऊन ये," म्हटलं. आवाज कापला नाही. कसा नाही कापला कोण जाणे.

आत आले. हे दारातच. "झालं?"

"झालं," मी म्हटलं.

मला पुढे बोलायचं होतं. देवाशप्पथ होतं. पण त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके द्यायला लागले, "वाचली, वाचली पोरगी." मग बसून दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप मागून घेतलं. पाच दिवसांनी जेवत होते. माझं तोंडच उघडलं नाही.

५ नोव्हेंबर, बुध.

उठले तेव्हा के.चा मेसेज येऊन पडलेला: 'निघाले.'

त्यानंतर काही नाही. तिकडे आता दिवस चांगला वर आला असेल. वरचं गाव खालच्या शहरापासून तासाभरावर. जाऊन, तिला घेऊन, परत यायलाही एव्हाना... नको. हेलनला दोनदा लावला, एंगेज. एंगेज म्हणजे चांगलं की वाईट? कुणाशी बोलतेय ती?

काल खोटं बोलले असते तर आत्ता ती कुठल्यातरी एअरपोर्टवर बसलेली असती, आईवर चिडायला जिवंत. हे मी काल बागेतसुद्धा जाणत होते. जाणूनच बोलले. मी बरोबर केलं असं मला मुळीच वाटत नाही. चूक केली असंही म्हणवत नाही. नुसती भीती वाटतेय.

हे माझ्या आधीच उठलेले. आंघोळ झाली, दाढी केली, के.ने दिलेला निळा स्वेटर घातला. गेस्टरूमच्या चादरी बदलल्या स्वतः. मला म्हणाले, "आल्या आल्या पाया पडतो तिच्या, मग शिव्या घालू दे." आणि खाली गेले.

खिडकीतून दिसतायत. रात्री दव गोठलंय, गाडीची काच खरवडतायत. गाणं गुणगुणतायत काहीतरी.

आत्ता मान वर करून हाक मारली. "अगं, फ्लाइट कुठली मिळाली तिला? हीथ्रोला किती वाजता निघायचं?"

फोन हातात आहे. वाजत नाही.

खाली जाते.